गणितातील चुका आणि मुलांचा स्वभाव : नाते कितपत खरे?

खडूफळा (परळ) :

नमस्कार. मी परळमधील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवते. आमच्या एका सहकारी बाईंनी एम.एड.च्या प्रबंधासाठी ‘विद्यार्थ्यांचे व्यक्तिमत्त्व-प्रकार आणि शाब्दिक उदाहरणांतील चुका’ असा विषय घेतला आहे. नववीच्या मुलांकडून आधी एक प्रश्नावली भरून घ्यायची, तिच्यावरून त्यांचे चार गट पाडायचे आणि कोणता गट कोठे चुकतो ते पाहायचे, असा त्यांचा आराखडा आहे. या धाटणीचे अभ्यास इंडोनेशियातील गणितशिक्षणाच्या नियतकालिकांत विपुल आढळतात आणि बाईंनी नमुना तेथूनच उचलला आहे. शिक्षकखोलीत यावर बरीच खडाजंगी झाली, पण मधल्या सुट्टीची घंटा कोणाचेही मत पूर्ण होऊ देत नाही, म्हणून विषय या चर्चामंचावर सविस्तर मांडते.

आराखड्याचा एक भाग चुकांच्या वर्गीकरणाचा आहे आणि तो मला मनापासून पटतो. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये असे मांडले की, शाब्दिक उदाहरण सोडवताना मुलाला पाच टप्पे ओलांडावे लागतात : प्रश्न वाचणे, त्याचा अर्थ समजणे, त्याचे गणिती रूपांतर करणे, आकडेमोड किंवा प्रक्रिया करणे आणि शेवटी उत्तर योग्य रूपात लिहिणे. मूल ज्या टप्प्यावर प्रथम अडखळते, तेथे त्याची चूक नोंदवायची. हे ठरवण्यासाठी नुसती वही पाहून भागत नाही. मुलाला समोर बसवून ‘प्रश्न वाचून दाखव’, ‘काय काढायला सांगितले आहे ते सांग’, ‘कसे काढशील’, ‘बोलत बोलत सोडवून दाखव’ आणि ‘आता उत्तर लिही’ असे क्रमाने विचारावे लागते. मेलबर्नमधील सहावीच्या, गणितात मागे पडलेल्या मुलांच्या बाबतीत न्यूमन यांना असे दिसले की, जवळपास निम्म्या चुका प्रत्यक्ष आकडेमोड सुरू होण्यापूर्वीच घडलेल्या असतात. आपण मात्र अशा मुलांना आणखी पन्नास गुणाकार घालतो.

दुसरा भाग डेव्हिड कीर्सी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या चार प्रकारांचा आहे : रक्षक, कारागीर, आदर्शवादी आणि तर्कवादी. त्यामागे कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींची, माणसांचे सोळा प्रकार पाडणारी प्रश्नावली आहे आणि तिच्याही मागे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांचे व्यक्तिमत्त्व-प्रकारांवरील १९२१ मधील विवेचन आहे. माझी अडचण येथे सुरू होते. ‘रक्षक’ मुले नियम नीट पाळतात, पण अनोळखी उदाहरणात अडकतात आणि ‘कारागीर’ मुले घाईने पायऱ्या गाळतात, हे वाचायला फार सुबक वाटते. तथापि वर्गात जे दिसते ते इतके सुबक नसते.

एक उदाहरण देते. सराव परीक्षेत तीन मुलांनी −३(क्ष − ४) या पदावलीचा विस्तार −३क्ष − १२ असा केला होता. तिघांचेही गुण सारखेच गेले. तिघांनाही मी वेगवेगळे बोलावून ती पायरी मोठ्याने करायला सांगितली. पहिल्याने ‘वजा तीन गुणिले वजा चार’ असे म्हणताक्षणी जीभ चावली आणि मी काही बोलण्याआधीच चिन्ह बदलले. दुसरीने अगदी ठामपणे सांगितले की, कंसाबाहेर वजा असला की आतील सर्व पदे वजा होतात. मी तिला आणखी दोन पदावल्या दिल्या आणि तिने दोन्हींत तोच नियम इमानेइतबारे लावला. तिसऱ्याची उत्तरपत्रिका उजेडात धरली तर खोडरबराखाली अधिक बारा स्पष्ट दिसत होते. त्याने बरोबर लिहिलेले खोडून चूक लिहिले होते. कारण विचारले तेव्हा म्हणाला, ‘बाई, बाहेर वजा आणि उत्तरात अधिक, हे बरोबर वाटेना.’

लाल शाईने खूण केली तर चूक एकच दिसते, पण एकीमागे निसटलेले लक्ष आहे, दुसरीमागे मनात पक्का बसलेला चुकीचा नियम आहे आणि तिसरीमागे स्वतःवरचा अविश्वास आहे. पहिल्या आणि तिसऱ्या मुलाच्या बाबतीत स्वभावाचा काही हात असेलही. दुसरीच्या बाबतीत मात्र तिचा स्वभाव कोणताही असता तरी तिने तेच लिहिले असते, कारण तिला तो नियम कोणीतरी तसाच शिकवला आहे किंवा तिने तो तसा समजून घेतला आहे. मग प्रश्नावलीने पाडलेले गट चुकांच्या कोणत्या जातीशी जोडून पाहायचे? जाणकारांनी मत द्यावे.

मध्यगा (विक्रोळी) :

खडूफळाताई, विषय उत्तम मांडला आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो, तेव्हा त्याच बाजूने बोलतो.

‘प्रकार’ ही कल्पनाच मोजमापाच्या दृष्टीने कच्ची आहे. अंतर्मुखता असो वा शिस्त, माणसांचे गुणांक मोजले तर बहुतेक जण मध्यावर गर्दी करतात आणि टोकांना थोडे उरतात. अशा वेळी मध्यावर रेघ ओढून दोन पेट्या केल्या की, रेघेच्या अलीकडे-पलीकडे उभी असलेली दोन जवळपास सारखी मुले वेगळ्या प्रकारची ठरतात आणि एकाच पेटीतील दोन टोकांची मुले मात्र सारखी ठरतात. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, ही त्या पद्धतीवरची जुनी टीका याच कारणाने उभी राहते.

मानसशास्त्रातील आजचे संशोधक पेट्यांऐवजी पाच मोजपट्ट्या वापरतात : नव्याबद्दलची उत्सुकता, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मिळतेजुळते घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. आर्थर पोरोपॅट यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा शैक्षणिक यशाशी सर्वांत भरवशाचा संबंध कर्तव्यदक्षतेचा निघाला आणि तोही बुद्धिमत्तेपासून बराचसा स्वतंत्र होता. हा सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचे माप; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) साधारण ०.२२ आहे. त्याचा वर्ग केला तर ०.०५ च्या आसपास येतो, म्हणजे मुलामुलांमधील गुणांच्या फरकाचा जेमतेम विसावा हिस्सा त्यातून उलगडतो. आणि हे एकूण गुणांविषयी आहे. चूक कोणत्या टप्प्यावर होईल, हे सांगणे त्याहून पुष्कळ अवघड काम आहे.

दुसरे असे की, या धाटणीच्या प्रबंधांत बहुधा प्रत्येक प्रकारातून एक-दोन मुले निवडून त्यांच्या मुलाखती घेतलेल्या असतात. मुलाखती जरूर घ्याव्यात, त्यांतून पुष्कळ कळते. परंतु दोन ‘कारागीर’ मुलांनी प्रक्रियेत चूक केली म्हणून सर्व कारागीर मुले प्रक्रियेत चुकतात, असे निष्कर्षाच्या प्रकरणात लिहिणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करणे नव्हे. येथे शिते वेगवेगळ्या भांड्यांतली आहेत.

धावतीलोकल :

आमच्या मालाडच्या क्लासमध्ये सगळ्या चुकांना एकच नाव आहे : ‘सिली मिस्टेक’. फी परत मागायची सोय राहत नाही.

दुपारचीशाळा (गोवंडी) :

न्यूमन यांचा पहिला टप्पा, म्हणजे वाचन, याकडे माध्यमिकचे शिक्षक फारसे पाहत नाहीत. मी पालिकेच्या शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवते आणि माझ्या वर्गात घरी मराठी न बोलणारी मुले पुष्कळ आहेत. मी ‘त्रेसष्ट’ म्हटले की ३६ लिहिणारी मुले दरवर्षी भेटतात, कारण आपण आधी एकक उच्चारतो आणि मग दशक, पण लिहितो मात्र उलट क्रमाने. ‘एकोणसाठ’ म्हटल्यावर ६९ लिहिणाऱ्या मुलाने तर ‘साठ’ अगदी नीट ऐकलेले असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी पर्यायी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी ती पद्धत मुलांना सोपे जावे म्हणून आणल्याचे वारंवार सांगितले, तरी चर्चा भाषेच्या अस्मितेवरच घुटमळत राहिली. ती पद्धत स्वीकारावी की नाही, हा वाद येथे नको. माझा मुद्दा एवढाच की, ३६ लिहिणाऱ्या मुलाला कोणी ‘उतावळा’ म्हणू नये.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावातही हेच दिसते. ‘पेक्षा’, ‘ने कमी’, ‘च्या पट’ हे शब्द अंगवळणी पडले नसतील तर मूल पहिल्या दोन संख्या उचलते आणि बेरीज करून मोकळे होते. बघणाऱ्याला तो धांदरटपणा वाटतो, पण त्या मुलाच्या दृष्टीने तो एकमेव उपलब्ध मार्ग असतो.

निवृत्तनियामक (दादर) :

बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचे नियमन करण्यात, म्हणजे परीक्षकांनी तपासलेल्या पत्रिका पुन्हा पाहण्यात, माझी पुष्कळ वर्षे गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. दहावीला आता गणिताचे भाग १ आणि भाग २ असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर असतात आणि गुण पायऱ्यांना मिळतात. म्हणून परीक्षकाला अंतिम उत्तराइतकीच वाटही दिसते आणि वाटेवर माणूस दिसतोच. या बाबतीत मी खडूफळाबाईंपेक्षा किंचित वेगळे म्हणेन.

दोन चलांतील रेषीय समीकरणांवरचे नेहमीचे उदाहरण घ्या : दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे, अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे, तर मूळ संख्या काढा. येथे पहिली ठोकर रूपांतराची असते. दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य मानल्यावर संख्या १०क्ष + य अशी लिहायला हवी, परंतु कित्येक मुले ‘क्षय’ असे जोडून लिहितात आणि तो गुणाकार होतो. ही चूक मुंबईतल्या नामांकित शाळांतील हुशार, टापटीप मुलेही करतात. तिचा स्वभावाशी काडीमात्र संबंध नाही. स्थानिक किंमत बीजगणितात नेऊन कशी लिहायची, हे त्यांना कोणी थांबून दाखवलेले नसते.

शेवटची ठोकर पाहा. सगळे बरोबर सोडवून मूल क्ष = ३, य = ६ येथे थांबते आणि ‘मूळ संख्या ३६’ हे वाक्य लिहीतच नाही. न्यूमन यांच्या भाषेत ही पाचव्या टप्प्यावरची चूक झाली. अशा उत्तरपत्रिकांत मला काही गोष्टी बरोबरीने दिसत. अक्षर पुढेपुढे पळालेले असे, कच्चे काम मुख्य उत्तरात घुसलेले असे आणि ताळा कोठेच नसे. याउलट काही पत्रिकांत एकच उदाहरण दोनदा काट मारून तिसऱ्यांदा सोडवलेले असे, काट मारलेले पहिले उत्तर बरोबर असे आणि शेवटचे दोन प्रश्न वेळ न उरल्याने कोरे असत. या दोन मुलांच्या स्वभावांत फरक नाही, असे म्हणायला माझे मन धजत नाही. म्हणून माझे मत असे की, चूक कोणत्या संकल्पनेत होते ते शिकवण्यावर ठरते. ती वेळेत सापडते की नाही, हे मात्र पुष्कळदा स्वभावावर ठरते.

‘प्रकार’ शोधायला मला कधी प्रश्नावली लागली नाही, खाडाखोड पुरली.

शांतपणे (माटुंगा) :

मी शालेय समुपदेशक आहे आणि प्रश्नावल्यांच्या बाजूने दोन शब्द बोलणे मला भाग आहे, कारण येथे सर्वांनी त्यांना एकाच मापाने मोजले आहे. मध्यगा सरांची टीका चार-सोळा प्रकारांच्या पेट्यांना लागू पडते, हे मान्य. शिवाय सर्वसाधारण वर्णन वाचून प्रत्येकाला ते आपलेच वाटते, हे बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्येच दाखवून दिले होते : त्यांनी सर्व विद्यार्थ्यांना एकच मजकूर ‘तुमचे वैयक्तिक विश्लेषण’ म्हणून दिला आणि विद्यार्थ्यांनी त्याला अचूकतेसाठी ५ पैकी सरासरी ४ हून अधिक गुण दिले. तेव्हा ‘वर्णन अगदी तंतोतंत जुळले’ हा कोणाचाही पुरावा होऊ शकत नाही.

परंतु गणिताच्या चुकांशी थेट भिडणारी काही चांगली साधने आहेत. जेरोम केगन यांनी १९६० च्या दशकात मुलांची विचारी आणि उतावळी अशी विभागणी कशी केली ते पाहा. मुलाला एक चित्र दाखवायचे, जवळजवळ तसल्याच सहा चित्रांतून हुबेहूब तेच ओळखायला सांगायचे आणि पहिले उत्तर किती वेळात आले व किती चुका झाल्या, हे दोन्ही नोंदवायचे. येथे मुलाला ‘तू उतावळा आहेस का’ असे विचारलेले नाही. त्याचे वागणे मोजले आहे. शेन फ्रेडरिक यांच्या २००५ मधील प्रश्नांची तऱ्हा तीच. आपल्या रुपयांत सांगायचे तर बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये होतात, बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे, तर चेंडू केवढ्याला? झटकन ओठांवर येणारे उत्तर १० आहे आणि बरोबर उत्तर ५ आहे. वर्गात हा प्रश्न घालून पाहा. १० लिहून कोण पुढे गेले आणि १० लिहून कोण थबकले, हे सोळा प्रकारांपेक्षा उपयोगी पडते.

खडूफळाताईंच्या तिसऱ्या मुलाकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. तो ‘प्रकार’ नसून चिंता असण्याची शक्यता मोठी आहे. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवले की, गणिताची धास्ती असलेल्यांची कार्यकारी स्मृती (काम करता करता गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता) ऐन सोडवताना अपुरी पडते आणि हातच्याच्या बेरजेसारख्या कामात, सोबत काहीतरी लक्षात ठेवायचे असेल, तर ते अधिक चुकतात. डोक्यातील जागा काळजीने व्यापलेली असते. आणि चिंता हा जन्माचा शिक्का नव्हे. ती बाईंगणिक, पेपरगणिक, कधी बाकावर शेजारी कोण बसले आहे त्यावरसुद्धा कमी-जास्त होते.

मुलुंडचीआई :

येथे गणिताचे जाणकार लिहीत आहेत, मी केवळ पालक म्हणून लिहिते. माझ्या आठवीतील मुलीला एका ठिकाणी चाचणी देऊन ‘अंतर्मुख, भावनाप्रधान’ असा अहवाल दिला गेला आणि त्यात ‘तर्कप्रधान विषयांत अडचणी संभवतात’ असे वाक्य होते. तेव्हापासून शाब्दिक उदाहरण समोर आले की ती ‘माझा तो टाइपच नाही’ असे म्हणून वही मिटते. गंमत म्हणजे सोसायटीच्या गणपतीचा वर्गणीचा हिशेब तीच ठेवते आणि कोणाचे किती येणे आहे, ते तिला तोंडपाठ असते. तिच्या मनातले हे कसे काढावे?

मध्यगा (विक्रोळी) :

मुलुंडच्या ताई, ‘अडचणी संभवतात’ हे वाक्य कोणत्याही मुलाच्या कोणत्याही विषयाला लागू पडते, एवढे तिला आकड्यांनी दाखवता येईल. वर दिलेला विसावा हिस्सा तिला स्वतःला काढू द्या. आठवीच्या मुलीला ०.२२ चा वर्ग सहज जमेल.

निवृत्तनियामक (दादर) :

आणि तिला वर्गणीचेच उदाहरण शब्दांत लिहायला सांगा. तिने स्वतः लिहिलेले शाब्दिक उदाहरण तिने स्वतःच सोडवावे, मग तेच दुसऱ्याला घालावे. वाचन, आकलन आणि रूपांतर हे तिन्ही टप्पे उलट्या दिशेने होतात आणि कोणता शब्द कोणत्या क्रियेसाठी आला, हे तिला आपोआप दिसते. मात्र तुम्ही शेजारी बसून पायऱ्या सुचवू नका.

खडूफळा (परळ) :

सर्वांचे प्रतिसाद सहकारी बाईंना वाचून दाखवले. निवृत्तनियामक सरांचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो न्यूमन यांच्या मांडणीशीही जुळतो, कारण निष्काळजीपणा आणि अनुत्साह यांना त्यांनी पाच टप्प्यांच्या उतरंडीत बसवलेले नाही; या दोन गोष्टी कोणत्याही टप्प्यावर आड येऊ शकतात म्हणून त्या बाजूला ठेवल्या आहेत. पहिल्यांदा चुकलेले उदाहरण मुलाखतीत पुन्हा करताना बरोबर आले, तर ती चूक त्या बाजूच्या खात्यात जाते. स्वभावाचा शोध घ्यायचाच असेल तर तो याच खात्यात घ्यावा, चारही गटांची पाचही टप्प्यांशी सोयरीक जुळवत बसू नये, असे मी बाईंना सांगितले.

त्यानुसार आराखडा असा बदलला आहे. मुलांना सहा शाब्दिक उदाहरणे दिली जातील, त्यांतील एक बॅट-चेंडूच्या वळणाचे असेल आणि एकात जास्तीची, न लागणारी संख्या पेरलेली असेल. मुलांना पेन्सिलीऐवजी पेनने सोडवायला सांगितले जाईल, म्हणजे काट मारलेले सारे शाबूत राहील. मग प्रत्येक चुकलेल्या उदाहरणावर न्यूमन यांच्या क्रमाने मुलाखत होईल आणि तिची नोंद मी करीन, कारण मुलांचे गट मला ठाऊक नसतील. बाईंनी स्वतः नोंद केली तर ‘कारागीर’ म्हटलेल्या मुलाची प्रत्येक चूक त्यांना घाईचीच वाटेल, हा धोका आहे. प्रश्नावली सर्वांत शेवटी भरून घेतली जाईल आणि तिचा निकाल कोणत्याही मुलाला किंवा पालकाला दिला जाणार नाही. मुलुंडच्या ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर ही अट आम्ही दोघींनी एकमताने घातली.

शांतपणे (माटुंगा) :

केगन यांच्या पद्धतीने पहिल्या उत्तराला लागलेला वेळही नोंदवा. मोबाइलमधील स्टॉपवॉच पुरे, पण तो मुलाच्या नजरेस पडू देऊ नका.

खडूफळा (परळ) :

नोंदवू. मार्गदर्शकांना बदललेला आराखडा दाखवला असता त्यांनी पद्धत मान्य केली. मात्र विद्यापीठात शीर्षक नोंदवून झालेले असल्याने ‘व्यक्तिमत्त्व-प्रकार’ हा शब्द मुखपृष्ठावर राहील आणि त्या प्रकारांवर एक प्रकरणही लिहावे लागेल. ते शेवटून दुसरे असेल आणि मध्यगा सरांनी तपासून द्यायचे कबूल केले तर त्यातील कोष्टकाखाली प्रत्येक गटात किती मुले होती, हेही ठळक अक्षरांत छापले जाईल.